कानात दडे का बसतात?

सर्दी झाली, विहिरीत पोहून आलो, घाट उतरून आलो किंवा मिरवणुकीत ताशाशेजारी तासभर उभे राहिलो, की आपण एकच वाक्य बोलतो: 'कानात दडे बसलेत.' या चारही प्रसंगी कानात जे घडते ते मात्र अगदी वेगवेगळे असते. भाषेने चार निरनिराळ्या घटनांना एकच नाव देऊन टाकले, आणि त्यातही क्रियापद योजले ते 'बसणे' हे. त्यामुळे बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याचीही अशी समजूत होते की, काहीतरी आत जाऊन बसले आहे; आणि जे बसले आहे ते उठवून बाहेर काढता येईल. मग हात आपोआप आगकाडीकडे, किल्लीकडे, केसांच्या आकड्याकडे जातो. कानाच्या कित्येक इजा रोगाने होत नाहीत, या समजुतीने होतात. म्हणून कानात काहीही घालण्यापूर्वी 'नेमके काय बंद झाले आहे?' हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी कानाची रचना स्थूलमानाने तरी ध्यानात घेतली पाहिजे. कान म्हणजे एका बोळाच्या टोकाला असलेली छोटी खोली असे समजू या. बाहेरचा बोळ प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असतो आणि तो किंचित वाकडा असतो. त्याच्या शेवटी सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा पातळ पडदा ताणून बसविलेला आहे. पडद्यामागे हवेने भरलेली खोली आहे. तीत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे एकमेकांना जोडून उभी आहेत. या खोलीला मागच्या बाजूने घशात उघडणारी सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक नळी आहे. खोलीच्या पलीकडे हाडात कोरलेला, गोगलगाईच्या शंखासारखा द्रवाने भरलेला भाग आहे. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर होते ते तेथे. बोळ, खोली आणि शंख या तिन्ही ठिकाणचा बिघाड आपल्याला 'कान बंद झाला' असाच जाणवू शकतो. जाणीव एक, जागा तीन, असा हा प्रकार आहे.

बोळापासून सुरुवात करू. येथे बसतो तो मळ. 'मळ' हा शब्द त्याच्यावर अन्याय करणारा आहे. बोळाच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यातील ग्रंथींचा स्राव, गळून पडलेली त्वचा आणि थोडी धूळ यांचे ते मिश्रण असते. ते किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जंतूंना आणि बुरशीला रुचत नाही, आणि तेलकट असल्यामुळे पाणी आत मुरू देत नाही. शिवाय निसर्गाने तो बाहेर काढण्याची व्यवस्थाही करून ठेवली आहे. शरीरावर इतरत्र त्वचा जागच्या जागी वाढते व झडते. पण पडद्यावरची व बोळातली त्वचा नखाच्या वाढीसारख्या मंद गतीने आतून बाहेर सरकत असते. जेवताना, बोलताना जबडा हलतो त्याचीही तिला मदत होते. या सरकत्या पट्ट्यावर बसून मळ बाहेर येतो आणि अंघोळीच्या वेळी निघून जातो. ज्यांचा बोळ अरुंद आहे, ज्यांच्या कानात केस फार आहेत, जे श्रवणयंत्र वापरतात किंवा दिवसभर कानात गाणी ऐकण्याची बोंडे खुपसून बसतात, त्यांच्या बाबतीत ही वाट अडते. वृद्धपणी मळ कोरडा होऊन अडकतो तो निराळाच.

आता या बाहेर येणाऱ्या मळाला कापसाची काडी भेटते तेव्हा काय होते? काडीच्या बोंडाला थोडा मळ लागतो, आपल्याला समाधान वाटते, आणि उरलेला मळ ठासणीच्या बंदुकीतल्या दारूप्रमाणे आत ठासला जातो. काही दिवसांनी माणूस विहिरीत किंवा तलावात पोहतो, पाणी शोषून तो ठासलेला मळ फुगतो, आणि काल चांगला असलेला कान आज एकदम बंद होतो. जुन्या घरांतून चांदीचे दातकोरणे आणि कानकोरणे एकाच कडीत ओवून ठेवलेले असे; वस्तू सुबक होती, पण तिचा दुसरा उपयोग हितावह नव्हता. रस्त्यावर कानातला मळ काढून देणाऱ्यांच्या हाती असलेल्या सळईबद्दल तर बोलावयासच नको. एकामागून एक किती कानांत ती गेली असेल याचा हिशेब कोण ठेवतो?

मळाने बंद झालेल्या कानावरचा उपाय साधा आहे. तो मऊ करावा. औषधाच्या दुकानात मिळणारे सोडा-ग्लिसरीनचे थेंब, किंवा साधे खोबऱ्याचे वा ऑलिव्हचे तेल अंगाच्या उष्णतेइतके कोमट करून दोन-तीन थेंब, दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस घातले तर पुष्कळदा मळ आपोआप सुटतो. पहिल्या एक-दोन दिवसांत तो भिजून फुगल्याने कान अधिकच बंद झाल्यासारखा वाटतो. त्याने घाबरून जाऊ नये. तेवढ्याने न निघाल्यास डॉक्टर कोमट पाण्याची पिचकारी मारून किंवा शोषणयंत्राने तो काढतात. पिचकारीचे पाणी अंगाच्या उष्णतेइतकेच का असावे लागते, याच्या मागे एक मनोरंजक इतिहास आहे. रॉबर्ट बारानी या व्हिएन्नातील तरुण डॉक्टरच्या लक्षात आले की, पाणी थंड असले तर रोग्याला घेरी येऊन त्याचे डोळे एका बाजूला झटके देतात, आणि पाणी गरम असले तर डोळ्यांचे झटके उलट दिशेला होतात. कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची परीक्षा करण्याची पद्धत या निरीक्षणातून निघाली आणि बारानीला १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. कानातला मळ धुता धुता नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचलेला दुसरा कोणी माझ्या माहितीत नाही.

तेलाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. आजी म्हणते तेल घातलेच पाहिजे. डॉक्टर म्हणतात मुळीच घालू नका. कानात तेल भरण्याला आयुर्वेदात 'कर्णपूरण' असे नाव आहे आणि ती परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ विकार सांगितले असून त्यांत मळ साचून होणाऱ्या 'कर्णगूथ' या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. हे सगळे मान्य करूनही एक अट सांगितली पाहिजे: पडदा शाबूत असेल, कान वाहत नसेल आणि दुखत नसेल, तरच थेंबभर तेल निरुपद्रवी ठरते. पडद्याला भोक असेल तर तेच तेल मागच्या खोलीत उतरते. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट प्रदेशात, कानाच्या बोळात बुरशी धरते. तेव्हाही कान खाजतो आणि त्यात दडे बसतात. अशा कानात तेल घालून तो ओलसर ठेवणे म्हणजे बुरशीची सोय करणे होय. लसूण टाकून कडकडीत तापविलेल्या तेलाने तर बोळ आणि पडदा दोन्ही पोळतात. पोहल्यानंतर नुसते पाणी राहिले असेल तर डोके त्या बाजूला कलवून कानाची पाळ किंचित ओढावी. पाणी निघून येते.

बोळ सोडून आपण पडद्यामागच्या खोलीकडे वळू. सर्दीतले, घाटातले आणि विमानातले दडे येथले असतात, आणि येथे 'बसलेले' असे काहीच नसते. खोलीतली हवा तिच्या आतील अस्तरातून सतत थोडीथोडी शोषली जाते. ती तूट भरून काढण्याचे काम घशाकडची नळी करते. एरवी ही नळी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक लहान स्नायू तिला क्षणभर उघडतो, आणि त्या क्षणी बाहेरच्या व आतल्या हवेचा दाब सारखा होतो. सर्दीने नळीचे तोंड सुजले की पुरवठा थांबतो, आतला दाब घटतो, पडदा आत ओढला जातो आणि ताणलेला पडदा नीट थरथरत नाही. हेच ते दडे. बाहेरून काडी घालून येथे काय साधणार?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटरने वाढतो. घाट चढताना कानाला फारसा त्रास होत नाही, कारण खोलीतली जास्त दाबाची हवा नळीतून सहज निसटते. उतरताना मात्र हवा आत घ्यावी लागते आणि नळी आपण होऊन ती आत घेत नाही, गिळावे लागते. आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरवर गेला की नळी इतकी घट्ट मिटते की टाळूच्या स्नायूची शक्ती तिला उघडावयास अपुरी पडते. तेव्हा सर्दी झालेला माणूस एस.टी.च्या खिडकीला डोके टेकून सबंध घाटभर झोपला तर पायथ्याशी त्याचा कान ठणकत का उठतो, हे सांगावयास नको. विमान उतरू लागताना प्रवाशांना जागे करतात ते कानांसाठी नसले तरी कानांच्या पथ्यावर पडते. लोणावळ्याची चिक्की चघळत घाट उतरणे हा शास्त्रशुद्ध उपाय आहे. तान्ह्या मुलाला अशा वेळी अंगावर पाजावे. गिळण्याने त्याची नळी उघडत राहते.

या नळीचा शोध आणि तिला उघडण्याचे प्रयत्न यांचा इतिहास मोठा वेधक आहे. बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकात तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ती यूस्टेशियन नळी या नावाने ओळखली जाते. पण कान आणि नाक-घसा यांचा काहीतरी संबंध आहे, हे त्यापूर्वीही लोकांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे सुश्रुताने 'प्रतिनाह' या विकारात कानातला मळ पातळ होऊन नाकातोंडाकडे उतरतो असे जे म्हटले आहे ते आजच्या शरीरशास्त्राला धरून नाही, परंतु कानाला मागे एक वाट आहे अशी कल्पना त्यात दिसते. १७०४ साली अंतोनिओ मारिया वाल्साल्वा याने कानावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नाक दाबून, तोंड मिटून हवा नाकाकडे जोराने सोडण्याच्या कृतीला त्याचेच नाव मिळाले आहे. त्यानंतर २० वर्षांनी, १७२४ मध्ये, ग्युयो नावाच्या एका बहिऱ्या होत चाललेल्या गृहस्थाने वाकड्या नळीने तोंडावाटे स्वतःच्या यूस्टेशियन नळीपर्यंत पोहोचून ती धुतल्याची हकीकत फ्रेंच विज्ञान अकादमीला कळविली. हा ग्युयो डॉक्टर नव्हता. व्हर्साय येथे तो पोस्टमास्तर होता!

इंग्लंडमधला जोसेफ टॉयन्बी हा कर्णतज्ज्ञ आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना अनोळखी वाटेल, पण नाव ओळखीचे वाटेल. 'औद्योगिक क्रांती' ही संज्ञा इंग्रजीत रूढ करणारा अर्नोल्ड टॉयन्बी हा त्याचा मुलगा, आणि विसाव्या शतकातला प्रसिद्ध इतिहासकार अर्नोल्ड जे. टॉयन्बी हा त्याचा नातू. नाक दाबून गिळण्याची सोपी युक्ती जोसेफच्या नावाने ओळखली जाते. कानात सतत होणाऱ्या नादावर उपाय शोधत असताना १८६६ साली त्याने क्लोरोफॉर्म आणि प्रसिक आम्ल यांची वाफ नाकावाटे घेऊन ती कानाच्या खोलीत दाबून पाहण्याचा प्रयोग स्वतःवर केला, आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याची गिळण्याची युक्ती मात्र आजही पाणबुडे आणि वैमानिक वापरतात.

वाल्साल्वाची कृती करताना जोर लावू नये, एवढी सूचना पुरेशी आहे. नाकात पिवळा शेंबूड भरलेला असताना ती केली तर घाण कानाच्या खोलीत ढकलली जाते. सर्दीतल्या दड्यांना खरा उपाय म्हणजे सर्दी ओसरण्याची वाट पाहणे, नाक मिठाच्या पाण्याने स्वच्छ ठेवणे आणि वारंवार गिळणे, जांभई देणे. नाक मोकळे करणारे थेंब उपयोगी पडतात, पण ते चार-पाच दिवसांपलीकडे वापरल्यास उलटतात व नाक अधिकच चोंदते. सर्दी गेल्यावरही दोन-तीन आठवडे कान जड राहू शकतो. त्याहून अधिक काळ, आणि विशेषतः प्रौढ माणसाच्या एकाच कानात तो तसा राहिला, तर डॉक्टरांकडून नाकाच्या मागची घशाची बाजू तपासून घ्यावी. दाढेचे किंवा जबड्याच्या सांध्याचे दुखणेही कधीकधी कानात दडे बसल्यासारखे भासते. त्याचा निकाल दंतवैद्याकडे लागतो.

आता शंखाकडे. येथील बिघाड सर्वांत कमी ओळखला जातो आणि तोच सर्वांत गंभीर असतो. विसर्जनाच्या मिरवणुकीतून परतल्यावर कान बधिर होतात, बारीक शिटी वाजत राहते आणि दुसऱ्या दिवशी सारे ठीक होते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. प्रत्येक कानाच्या शंखात सुमारे १५ हजार संवेदनक्षम केसपेशी जन्मतः मिळतात आणि मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा, पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे मिळतात. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे आपण किती वेळ नाचतो? दुसऱ्या दिवशी ऐकू येऊ लागले म्हणजे सर्व पेशी वाचल्या असे होत नाही. आपल्या स्नेहसंमेलनात सभागृहाच्या मानाने ध्वनिवर्धक केवढे असावेत, हा विषय म्हणूनच केवळ अभिरुचीचा नाही.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि सकाळी एक कान बंद घेऊन उठतो. सर्दी नाही, ठणका नाही, स्राव नाही. मळ असेल म्हणून तो थेंब घालतो, आठ-पंधरा दिवस वाट पाहतो. पण कधीकधी तेथे मळ नसतो. अंतःकर्ण किंवा त्याचा मज्जातंतू अचानक निकामी झालेला असतो. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. स्टिरॉइड जातीची औषधे देतात ती पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितक्या लवकर तितकी बरी; उशीर झाला की गेलेले ऐकणे परत येण्याची शक्यता ओसरत जाते. कित्येकांना हा प्रकार प्रथम कळतो तो टेलिफोन त्या कानाला लावल्यावर.

या दोहोंतला भेद ओळखण्याची एक युक्ती घरच्या घरी करता येते. अर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या नादकाट्याच्या परीक्षेचेच ते घरगुती रूप आहे. वाचकांनी आताच एका कानात हलकेच बोट घालून, तोंड मिटून 'म्ऽऽ' असा हुंकार करून पाहावा. हुंकार बोट घातलेल्या कानात मोठा वाटेल. कारण तो हाडांतून पोहोचतो आणि बाहेरचा गलबला त्या कानाला शिवत नाही. मळाने किंवा खोलीतल्या पाण्याने बंद झालेला कान असाच वागतो: हुंकार बंद कानात घुमतो. पण शंखाचा किंवा मज्जातंतूचा बिघाड असेल तर हुंकार चांगल्या कानात ऐकू येतो, बंद कानात येत नाही. तसे झाल्यास तेल, थेंब, वाफारा काही न करता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. दोन्ही कान सारखेच बंद असतील तर या परीक्षेचा उपयोग नाही. आणि हुंकार बंद कानात घुमला तरी एका रात्रीत गेलेले ऐकणे तपासून घेणे बरे. कानात गुणगुण आणि घेरी यांसह वारंवार येणाऱ्या दड्यांचा एक विकार आहे; त्याचे वर्णन प्रॉस्पेर मेनिएर याने १८६१ साली केले. त्यालाही हुंकाराच्या भरवशावर सोडता येत नाही.

शेवटचा मुद्दा लहान मुलांचा, आणि तो आपल्या महाविद्यालयाला विशेष लागू आहे. कारण येथून बाहेर पडणारे पुष्कळजण पुढे शाळेत शिकवणार आहेत. लहान मुलांची घशाकडची नळी आखूड, आडवी आणि मऊ असते. सर्दी-पडशात ती वरचेवर मिटते व पडद्यामागच्या खोलीत चिकट पाणी साठते. त्याला ठणका नसतो, ताप नसतो. मुलाला सांगता येत नाही, कारण पूर्वी किती ऐकू येत होते हे त्याच्या ध्यानात राहिलेले नसते. दडे बसले असे ते म्हणतही नाही. ते फक्त हाकेला ओ देत नाही, 'काय?' म्हणून पुन्हा विचारते, शब्दांची शेवटची व्यंजने गाळते, श्रुतलेखनात 'पाट' आणि 'पाठ' एकच करते. गुरुजी त्याला मठ्ठ किंवा दांडगा ठरवितात. बहुतेक मुलांत हे पाणी तीन महिन्यांत आपोआप जिरते, म्हणून डॉक्टर प्रथम थांबूनच पाहतात. न जिरल्यास पडद्यात धाग्याच्या रिळासारखी एक इवलीशी नळी बसवतात, ती सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडते. मधल्या काळात अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, आणि फळ्याकडे तोंड करून न बोलता त्याच्याकडे पाहून बोलावे.